डायनासोरचा यंत्रमानव : माल पारखावा कसा?

आमची हयात कापडाच्या व्यवसायात गेली. ठाण उलगडले की दोन बोटांत धरून चुरगाळावे, उजेडाकडे धरावे, काठाचा एक धागा ओढून पाहावा, मगच भाव बोलावा, हा आमच्या वडिलांनी घालून दिलेला शिरस्ता. परंतु रमजान ईदच्या हंगामात मुलांच्या कपड्यांबरोबर थोडी खेळणी ठेवण्याची पद्धत आता पुष्कळ दुकानांत पडली आहे. खेळण्यांच्या बाबतीत मात्र आपण हा शिरस्ता साफ विसरतो. रंगीत खोके पाहतो, भाव विचारतो आणि कार्टन उचलतो. आम्हीही तेच केले होते.

सन २०१९ च्या रमजानमध्ये आम्ही मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून डायनासोरचा यंत्रमानव होणाऱ्या खेळण्याचे तीन कार्टन, प्रत्येकी ४८ नग, आणले. खोके सीलबंद होते. ईदच्या आदल्या रात्रीपर्यंत निम्म्याहून अधिक माल गेला. ईदच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडले तेव्हा पायरीवर चार बाप उभे होते आणि प्रत्येकाच्या हातात गुडघ्यात मोडलेला डायनासोर होता. दुपारपर्यंत ही संख्या वीसवर गेली. खेळणे मोडले याचे दुःख पोराला दोन दिवस राहते, पण "चाचांच्या दुकानातून आणले होते" हे वाक्य बाजारात फार दिवस फिरते. तेव्हापासून आम्ही या वस्तूचा कापडासारखाच अभ्यास केला. तो येथे देत आहोत.

प्रथम या खेळण्याचे मूळ पाहू, कारण खरे काय हे ठाऊक असल्याशिवाय खोटे ओळखता येत नाही. यंत्रमानवाचे वाहन किंवा प्राणी होण्याची ही खेळणी जपानची. टोकियोच्या ताकारा कंपनीने १९८० साली 'डायाक्लोन' नावाची मालिका काढली. त्यात इंच-दीड इंचाचा चालक यंत्रमानवाच्या आत बसत असे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या हॅसब्रो कंपनीच्या लोकांनी टोकियोच्या खेळणी प्रदर्शनात हा माल पाहिला. साचे तयारच होते. हॅसब्रोने त्यांना नावे दिली, स्वभाव दिले, दूरचित्रवाणीवर कथा लावली आणि १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून बाजारात आणले. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, पाच प्राण्यांचा 'डायनोबॉट' संच आला. त्यांचा म्होरक्या ग्रिमलॉक म्हणजे टायरॅनोसॉरस. आज बाजारात डायनासोरचे जे असंख्य यंत्रमानव दिसतात, त्यांतील पुष्कळसे या ग्रिमलॉकचीच नक्कल असतात. (पाचांतील एक टेरॅनोडॉन आहे. शास्त्रज्ञ त्याला डायनासोर मानतच नाहीत. पण गिऱ्हाईक मान्य करते तेथे आपण वाद कशाला घालावा?)

आता आमच्या धंद्याशी संबंधित एक गोष्ट. हॅसब्रो म्हणजे हॅसनफेल्ड ब्रदर्स. पोलंडमधून आलेल्या या यहुदी बंधूंनी १९२३ साली अमेरिकेतील र्‍होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स येथे धंदा सुरू केला तो कापडाच्या कटपीसचा! उरलेल्या तुकड्यांपासून त्यांनी पेन्सिलीच्या पेट्यांची आवरणे बनवली, मग पेट्या, मग पेन्सिली, आणि पुढे १९४० च्या दशकात खेळणी. ज्या चिंध्या आपण पोत्यात भरून काढून टाकतो, त्यांतून हा पसारा उभा राहिला. आमच्या यंत्रमागवाल्या बंधूंनी यावर जरूर विचार करावा.

आता प्रत्यक्ष वस्तू हातात घेऊ.

सर्वांत आधी शेपूट पाहावी. याला कारण आहे. १९८५ च्या ग्रिमलॉकची रचना अशी की डायनासोरची शेपूट दुभंगते आणि तिचे यंत्रमानवाचे दोन पाय होतात, तर डायनासोरच्या मागच्या पायांचे हात होतात. म्हणजे एका रूपात जी शेपूट केवळ मागे लटकते, तीच दुसऱ्या रूपात सगळा भार वाहते. नकली मालात कारागीर नेमकी येथेच काटकसर करतो. शेपटीचे दोन भाग जुळवून पाहावेत. फट वरपासून खालपर्यंत सारखी असली पाहिजे. एका टोकाला नख जाते आणि दुसऱ्या टोकाला जात नाही, असे असल्यास साचा झिजलेला आहे किंवा प्लॅस्टिक गरम असतानाच बाहेर काढून वाकू दिलेले आहे. मग ती शेपूट कुलपासारखी बसत नाही, यंत्रमानव उभा राहिल्यावर पाय फाकतात, मूल जोर लावते आणि खिट्टी तुटते. आमच्या १४४ नगांचे दुखणे थोडे वेगळे होते, ते पुढे सांगतो.

दुसरी गोष्ट सांधा. या वस्तूचा जीव सांध्यात असतो. सांधे मुख्यतः तीन प्रकारचे. एक, खिळीवर फिरणारा साधा सांधा. दुसरा, वाटीत गोळी बसवलेला, सर्व बाजूंनी फिरणारा. तिसरा दातेरी, फिरवताना कट्‌कट् आवाज करणारा. मोठ्या आणि जड आकृतीच्या कमरेला दातेरी सांधा असणे चांगले, कारण साधा सांधा काही महिन्यांत सैल पडतो आणि डायनासोर नाकावर पडतो. चांगल्या मालात बाहेरचे अंग कडक एबीएस प्लॅस्टिकचे असते, घासणारे लहान भाग बहुधा निसरड्या आणि चिवट अॅसिटल प्लॅस्टिकचे असतात, आणि शिंगे, शेपटीचे टोक असे टोचणारे भाग मऊ पीव्हीसीचे असतात. हलक्या मालात हे सगळे एकाच, पुष्कळदा पुन्हा वितळवलेल्या प्लॅस्टिकमधून ओततात. एकच सूत ताण्याला, बाण्याला आणि काठालाही वापरले तर कापडाचे काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

सांधा पारखण्याची आमची रीत अशी. खेळणे कानाजवळ धरून सांधा हळू वाकवावा. किरकिर झाली तर आत भूस, म्हणजे साच्याची फालतू कड, राहिलेली आहे. मग सांध्याभोवतीचा रंग पाहावा. गडद प्लॅस्टिक वाकवल्यावर तेथे पांढरट डाग उमटला तर समजावे की हा भाग आधीच ताणला गेला आहे आणि मोडणार. आमच्या मालात गुडघ्याची लोखंडी खिळी जाड आणि तिच्यासाठीचे भोक अरुंद होते. खिळी ठोकून बसवली होती. प्रत्येक गुडघ्यात केसाएवढी चीर आधीपासूनच होती, पण वर चांदीच्या रंगाचा थर असल्यामुळे ती दिसत नव्हती. विरळ कापडाला भरपूर खळ देऊन जाडजूड भासवावे, अगदी तसाच हा प्रकार. पहिल्या धुण्यात कापड उघडे पडते, तसा येथे पहिल्या वाकवण्यात गुडघा उघडा पडला.

म्हणून चकाकीकडे संशयाने पाहावे. चंदेरी आणि सोनेरी मुलामा हा निर्वात पेटीत धातूची वाफ बसवून दिलेला अतिशय पातळ थर असतो. तो कडेला आणि सांध्याला सर्वांत आधी सुटतो. शिवाय प्लॅस्टिकमध्येच सोनेरी चूर मिसळून बनवलेला जुना माल, विशेषतः १९८० च्या दशकाच्या अखेरीचा, ठेवल्या जागी भुगा होतो, असा संग्राहकांचा अनुभव आहे. तेव्हा जुना म्हणून महाग विकला जाणारा सोनेरी नग घेताना तो वाकवून दाखवा असे सांगावे. विकणारा कचरला तर उत्तर मिळालेच.

तोल पाहताना थोडे प्राणिशास्त्र उपयोगी पडते. टायरॅनोसॉरसला हे नाव १९०५ साली ऑस्बॉर्न या अमेरिकी शास्त्रज्ञाने दिले. त्या काळी असे मानत की हा प्राणी कांगारूसारखा ताठ उभा राहून शेपूट जमिनीवर टेकवत असे. १९८५ चे खेळणे त्याच समजुतीचे आहे. दोन पाय आणि शेपूट अशा तिवईवर ते निवांत उभे राहते. पुढे शास्त्रज्ञांचे मत बदलले. पाठ आडवी, शेपूट हवेत, वजन कमरेवर, असे ठरले आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील प्रसिद्ध सांगाडाही १९९० च्या दशकात तसाच नव्याने उभा करण्यात आला. आजची जी खेळणी या आडव्या पद्धतीची आहेत, त्यांचा सगळा तोल कमरेच्या दोन सांध्यांवर असतो. म्हणून काउंटरवर उभे करून डबा हलकेच ठोकावा. ताठ रूपाचे खेळणे पडले नाही म्हणजे फार मोठे झाले असे नाही, आडव्या रूपाचे उभे राहिले तर माल चांगला.

रूप बदलून पाहणे हे तर आवश्यकच. दुकानदाराला स्वतःला जमले पाहिजे. पायऱ्या किती हे महत्त्वाचे नाही. प्रत्येक पायरीनंतर भाग 'टक्' करून जागेवर बसतो की नाही, आणि दुसऱ्या रूपात पहिल्याचे ओझे पाठीवर लोंबकळते की नाही, हे पाहावे. २०२१ मध्ये हॅसब्रोने जुन्या चित्रपटातील रूपाबरहुकूम साधारण साडेआठ इंचाचा मोठा ग्रिमलॉक काढला. तसा एक नग पुतण्याने आणला तेव्हा आम्ही आमचा नकली नग शेजारी ठेवून पाहिला. अस्सल मालावर पायाच्या किंवा पाठीच्या आतील बाजूस कंपनीचे नाव आणि बनवणाऱ्या देशाचे नाव साच्यातच कोरलेले असते. नक्कल ही पुष्कळदा तयार खेळण्यावरून साचा घेऊन केलेली असते. तेथे ही अक्षरे घासून काढलेली दिसतात, बारीक रेषा बोथट होतात आणि प्लॅस्टिक आकसल्यामुळे आकारही किंचित लहान भरतो. अस्सल माल आता चीनबरोबर व्हिएतनाम आणि आपल्या देशातही बनतो, तेव्हा केवळ देशाच्या नावावरून निर्णय करू नये.

सरकारी नियमही ध्यानात घ्यावा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. नुसते चिन्ह छापणे सोपे आहे, म्हणून परवान्याचा क्रमांक मानक ब्यूरोच्या मोबाइल अॅपवर पडताळावा. २०१६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंडाची तरतूद करण्यात आली, आणि ती केवळ बनवणाऱ्यापुरती नाही, विकणाऱ्यालाही आहे. कारागीर बंधूंसाठी मात्र डिसेंबर २०२० मध्ये एक सवलत देण्यात आली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना ही सक्ती लागू केली नाही. लाकडाची, लाखेची खेळणी करणाऱ्यांनी ती नोंदणी तेवढी करून घ्यावी. तीन वर्षांखालील मुलासाठी मागणी आल्यास हा यंत्रमानव देऊच नये. मानकात यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी सांगितली आहे. तिच्यात जो भाग पूर्ण मावतो, तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. खेळण्याची लहान सुटी शस्त्रे याच वर्गातील असू शकतात.

काही बंधू विचारतात की प्राण्यांच्या आकृती विकाव्यात का? मुलांच्या खेळण्यांना मोकळीक देणारे पुष्कळ उलमा हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांचा आणि पंख असलेल्या घोड्याचा प्रसंग पुढे करतात. तो अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. तो घोडा पाहून प्रेषित मुहम्मद (स.) हसले, रागावले नाहीत. यात मतभेद आहेत, ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. आम्हाला मात्र याहून मोठा प्रश्न सीलबंद खोक्याचा वाटतो. न पाहता घेतलेल्या मालाबाबत हनफी फिकहमध्ये खरेदीदाराला 'खियार-ए-रुयत' आहे, म्हणजे पाहिल्यावर सौदा ठेवण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार. सारख्या मालात एक नमुना पाहिला तरी तो पाहिला असे धरतात. आणि विकणाऱ्याच्या हाती असतानाच माल सदोष असेल, खरेदीदाराला ते ठाऊक नसेल, तर 'खियार-ए-ऐब' आहे. आमच्या गुडघ्याची चीर कारखान्यातलीच होती. आम्ही फोन केला तेव्हा तो घाऊक व्यापारी म्हणाला, "खोका तुम्ही उघडलात, आता तो माल तुमचा." धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणारी हदीस तोही जाणत असणारच. पण नमुन्याचा एक खोका त्याच्या पेढीवरच उघडून पाहिला नाही, ही चूक आमचीच, आणि आमच्या गिऱ्हाइकांनी तर आमच्यावर विश्वास ठेवला होता.

आम्ही आणलेल्या प्रत्येकाचे पैसे परत केले. जे आले नाहीत त्यांच्यापैकी ओळखीच्यांना निरोप पाठवले. उरलेले ५७ नग दोष सांगून निम्म्या भावात विकावेत असे भावाचे मत पडले. शरीयतच्या दृष्टीने त्यात अडचण नव्हती. पण घेणाऱ्या बापाला आपण सांगणार आणि खेळणाऱ्या पोराला कोण सांगणार, असे वाटून ते आम्ही गोदामातच ठेवले. पुढे सुटे करून खिळ्या आणि स्क्रू भंगारात दिले.

एक नग काउंटरखाली आहे. दुकानात नवा मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी कापडाआधी आम्ही तोच त्याच्या हाती देतो. बहुतेक मुले तोंड उघडून पाहतात, डोळ्यांतला दिवा पेटवून पाहतात. गेल्या महिन्यात आलेल्या पोराने खेळणे उलटे केले, गुडघ्यावरची चांदी नखाने खरवडली आणि विचारले, "चाचा, हे किती जणांना विकले होते?"