कास्टिंगची हार्डनेस दर वेळी वेगळी का येते?

प्रश्न : आमच्या ग्रे कास्ट आयर्नच्या एकाच कास्टिंगवर रॉकवेल सी स्केलचे आकडे जागोजागी बदलतात. मशीन बिघडले आहे का?

उत्तर : मशीनला दोष देऊ नका, पद्धत बदला. या बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात. हिऱ्याचे बारीक टोक पापुद्रीवर पडले की आकडा घसरतो. शिवाय २० च्या खाली सी स्केल भरवशाचे नाही. ब्रिनेल चाचणी घ्या : १० मिमीची गोळी, ३००० किलोचा भार, १० ते १५ सेकंद. वरची कातडी आधी ग्राइंड करा. खळग्याचा व्यास आडवा-उभा मोजून सरासरी काढा. ४ मिमी आला तर हार्डनेस २२९. पातळ कडा मात्र वेगळ्या तपासा. तिथे चिल बसला असेल, तर ड्रिल हमखास बोथट होणार.