कडी मीच काढली

माझे वडील सांगलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानावर दिवाणजी होते. दिवसभर दुकानाच्या कीर्दी-खतावण्या लिहून झाल्या तरी रात्री जेवणानंतर ते स्वतःची एक वही उघडत. हळदीचा भाव, पाऊस, कोण आलं, कोण गेलं, कुणाला किती उसने दिले. वर्षाला एक, अशा १९४९ ते १९७९ च्या एकतीस वह्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्या तारखेखाली लिहिलं होतं, ‘पहाटे घर हललं. दुकान नेहमीच्या वेळी उघडलं.’ एवढंच.

निवृत्त झाल्यावर २०१७ मध्ये मी स्कॅनर घेतला आणि पावसाळाभर बसून त्या सगळ्या वह्या काँप्युटरवर उतरवल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली. आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या तळमजल्यावरच्या ट्रंकेत त्या वह्यांचा लगदा झाला. काँप्युटर मात्र मी आधीच माडीवर नेला होता. पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ऐकवत होतो, की बघा, वेळेवर स्कॅन केल्या म्हणून वाचल्या.

सहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, त्याही गेल्या. या वेळी पाणी नव्हतं, आणि कडी आतून मी स्वतः काढली होती.

तोवर व्हायरस मला नवा होता असं नाही. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणला की सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायचे, हे मी दोन-तीनदा अनुभवलं होतं. त्यात मूळ फोल्डर जागेवरच असतात, फक्त लपवलेले असतात; ओळखीचा मुलगा येऊन काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून ते परत आणायचा. फारच झालं तर ‘फॉरमॅट मारला’ की संपलं. व्हायरस म्हणजे काँप्युटर हळू चालणं आणि फॉरमॅट म्हणजे त्यावरचं औषध, अशी माझी समजूत. ही समजूत बऱ्याच घरांत आजही आहे.

वडिलांच्या जन्मशताब्दीला त्या वह्यांमधल्या निवडक नोंदींचं पुस्तक करायचं मनात होतं. पानं लावायला एक सॉफ्टवेअर हवं होतं, त्याची किंमत पाहून मी मागे सरलो. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस न करणारा माणूस मी, पण सॉफ्टवेअरला पैसे द्यायचे हे काही पचेना. एक स्नेही म्हणाले, ‘अहो, क्रॅक मिळतो की फुकट.’

क्रॅक म्हणजे पैसे न देता सॉफ्टवेअर चालवायची चोरवाट. मिळाला. डाउनलोड झालेली झिप फाइल पासवर्डने बंद होती आणि तो पासवर्ड शेजारीच लिहिलेला होता. कुलूप लावून त्याची किल्ली तिथेच टांगायची, हे कशासाठी, असा प्रश्न मला पडला नाही. भाच्याने नंतर उत्तर दिलं. कुलूप माझ्यासाठी नव्हतंच, अँटिव्हायरससाठी होतं. बंद झिपच्या आत त्याला पाहता येत नाही. झिप उघडल्यावर आत एक सूचनांची चिठ्ठी होती. तिच्यातलं पहिलंच वाक्य, की आधी अँटिव्हायरस बंद करा, कारण तो खोटा इशारा देईल. मी बंद केला. मग स्क्रीन अंधारली आणि मधोमध पिवळी पट्टी असलेली खिडकी आली. हा प्रोग्रॅम काँप्युटरमध्ये बदल करू पाहतो आहे, करू द्यायचे का? प्रोग्रॅम कुणाचा, तर अज्ञात. मी ‘होय’ दाबलं. अनोळखी माणूस दारात उभा राहून ‘कुत्रा बांधा आणि कपाटाच्या किल्ल्या द्या’ म्हणाला असता तर मी त्याला जिन्याखाली ढकललं असतं. इथे मात्र मी कुत्रा बांधला, किल्ल्या दिल्या आणि वर चहा करायला उठलो.

चहा घेऊन आलो तर स्क्रीनवर विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी दिसत होती. टक्के वाढत होते. अपडेट चालू असताना काँप्युटर बंद करायचा नसतो हे मला शिकवलेलं होतं, म्हणून मी हात न लावता बसलो. ते अपडेट खोटं होतं. त्याच्या आड, मी बिस्किट बुडवून खात असताना, एकेक फाइल कुलूपबंद होत होती. त्याच वेळी मेन स्विच खाली ओढला असता तर निम्म्या वह्या हाती राहिल्या असत्या, असं मला अजून वाटतं.

मग डेस्कटॉपवरची चित्रं पांढरी पडलेली दिसली. प्रत्येक फाइलीच्या नावामागे चार निरर्थक अक्षरांचं शेपूट. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी होती, की फाइली परत हव्या असतील तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. म्हणजे त्या वेळचे सुमारे पस्तीस हजार रुपये. भरवशासाठी एखादी फाइल पाठवा, ती मोफत सोडवून दाखवू, असंही नम्रपणे लिहिलेलं. सेलमधली सवलत असावी तशी भाषा.

काँप्युटरवरच मदत शोधू लागलो तर अँटिव्हायरसवाल्यांच्या वेबसाइट उघडेनात. फोनवर मात्र उघडत होत्या. त्या वेबसाइटकडे जाणारा रस्ता व्हायरसने आतून बंद केला होता. पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मामा, बोलू नकोस. आधी राउटरची वायर काढ, काँप्युटर बंद कर. आणि ती बाहेरची हार्ड डिस्क?’

ती लावलेलीच होती. बॅकअपसाठी घेतलेली, आणि काढ-घाल नको म्हणून वर्षभर मागच्या खाचेत बसलेली. तिच्यावरच्या फाइलींनाही तेच शेपूट लागलं होतं.

त्या टोळधाडीचं नाव ‘स्टॉप-डीजेव्हीयू’. मोठ्या कंपन्यांच्या मागे लागणारी ही जात नाही. क्रॅक आणि फुकट सॉफ्टवेअर शोधणारी तुमच्या-आमच्यासारखी माणसं हेच तिचं गिऱ्हाईक. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये तिच्या १४८ प्रकारांवर मोफत उतारा काढला होता. माझा प्रकार त्यानंतरचा निघाला. नव्या प्रकारांतही एक फट असते. कुलूप लावताना व्हायरसला त्याच्या मालकाच्या सर्व्हरशी बोलता आलं, तर प्रत्येक काँप्युटरसाठी किल्ली वेगळी. बोलता आलं नाही, तर तो सोबत आणलेली एकच किल्ली सगळीकडे वापरतो, आणि अशी किल्ली पुढेमागे सापडू शकते. आमच्याकडे त्या संध्याकाळी इंटरनेट कधी नव्हे ते झकास चालू होतं.

आणखी एक गोष्ट भाच्याने सांगितली, ती ऐकून हसावं की रडावं कळेना. घाईघाईत जास्तीत जास्त फाइली गाठायच्या म्हणून हा व्हायरस फाइलीचा फक्त सुरुवातीचा भाग, साधारण दीडशे केबी, बिघडवतो. म्हणून मोठे व्हिडिओ पुष्कळदा दुरुस्त होतात. आमच्याकडे कुणीही पुन्हा न पाहिलेली चुलतभावाच्या लग्नाची तीन तासांची फिल्म सहीसलामत परत आली. वह्यांची पानं मात्र मी जागा वाचवायला काळी-पांढरी, शंभरेक केबीची करून ठेवली होती. ती पुरती गेली.

पैसे दिले नाहीत. बायको म्हणाली, ‘अहो, पस्तीस हजार घेऊन ते परत देतील याची पावती कोण देणार?’ तिच्यापुढे कुठला तज्ज्ञ काय बोलणार.

फाइलींच्या शोकात मी ज्याकडे पाहिलंच नव्हतं तिकडे भाच्याने लक्ष वेधलं. हा व्हायरस अनेकदा सोबत एक चोर आणतो. ब्राउझरमध्ये ‘लक्षात ठेव’ म्हणून साठवलेले पासवर्ड तो कुलपाची गडबड चालू असतानाच उचलून नेतो. त्यामुळे त्या रात्रीच, आणि त्या काँप्युटरवरून नव्हे तर फोनवरून, आधी ईमेलचा, मग बँकेचा आणि मग बाकीचे पासवर्ड बदलले. ईमेल आधी, कारण बाकी सगळ्यांचे नवे पासवर्ड ईमेलवरच येतात. दोन दिवसांनी कुणीतरी जुन्या पासवर्डने माझ्या ईमेलमध्ये शिरू पाहत असल्याचा इशारा आला. खात्यातून पैसेच गेले असतील तर वेळ न घालवता बँकेला आणि १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

आता मी काय करतो ते सांगतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लोक करतात तो उपाय आधी. काँप्युटरमध्ये दोन खाती केली आहेत. मालकाचं खातं पासवर्ड लावून बाजूला ठेवलं आणि रोजचं काम साध्या खात्यातून करतो. नवं काही बसवायचं झालं की काँप्युटर मालकाचा पासवर्ड मागतो. मी तो एका कागदावर लिहून देवघराच्या खणात ठेवला आहे. तिथवर उठून जाईपर्यंत, आपण नेमकं काय करतो आहोत, हे बहुतेक वेळा लक्षात येतं. अर्थात साधं खातं फाइलींचं रक्षण करत नाही. त्या खात्यात सुरू झालेला व्हायरसही त्या खात्याच्या फाइली बंद करू शकतो. पण तो यंत्राच्या मुळाशी सहज जात नाही.

विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस घरच्या वापराला पुरतो, असं माझं मत झालं आहे. विकतचा घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण एकावर एक दोन बसवू नका. त्याच डिफेंडरमध्ये रॅन्समवेअरपासून, म्हणजे असल्या खंडणीखोर व्हायरसपासून, संरक्षणाचं एक बटण आहे, ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’. मुळात ते बंद असतं. सुरू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या कागदपत्रांच्या फोल्डरात लिहिता येत नाही. कधीकधी भल्या प्रोग्रॅमलाही ते अडवतं आणि त्याला हाताने परवानगी द्यावी लागते. कटकट आहे, पण मी चालवून घेतो.

फाइलींच्या नावांची शेपटं दिसतील अशी सोय फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये आहे, तीही चालू करा. ती बंद असली की ‘लग्नपत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘लग्नपत्रिका.पीडीएफ’ दिसते, आणि लग्नसराईत पत्रिका कोण उघडून पाहत नाही?

अपडेटचा मला कंटाळा होता, आता नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या अशाच खंडणीखोर व्हायरसने जगभर हाहाकार केला, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयंसुद्धा अडली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. जुनं यंत्र वापरणाऱ्यांनी तेवढ्यात काय ते ठरवावं.

झेरॉक्सच्या दुकानात जाताना वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह नेतो. त्यावर छापायची तेवढी एकच फाइल. घरी आला की तपासून पुसून टाकतो. आणि स्क्रीनभर लाल खिडकी येऊन ‘तुमच्या काँप्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ म्हणाली तर फोन करत नाही, ब्राउझर बंद करतो. मायक्रोसॉफ्ट कुणाला असा फोन नंबर दाखवत बसत नाही.

राहिला बॅकअप, आणि इथे मला माझीच सगळ्यात जास्त लाज वाटते. पुराने शिकवलं होतं की एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती ही एकच प्रत. ते मी वह्यांच्या बाबतीत मान डोलावून ऐकलं आणि हार्ड डिस्क मात्र काँप्युटरच्या पोटाला चिकटवून ठेवली. आता दोन डिस्क आहेत. एक महिन्याच्या पहिल्या रविवारी लावतो, प्रत झाली की काढतो, वायरीसकट कपाटात. दुसरी जतला ताईकडे असते. जतला उन्हाळ्यात टँकर येतात, कृष्णा काही तिथे यायची नाही. भाऊबीजेला आणि राखीला जातो तेव्हा डिस्कची अदलाबदल. शिवाय वर्षातून एकदा त्या प्रतीतली चार पानं उघडून बघतो, कारण न उघडलेला बॅकअप आहे की नाही हे कळत नाही.

पुस्तक शेवटी लिबरऑफिसमध्ये लावलं. ते कायदेशीर आणि फुकट आहे, त्या फेब्रुवारीतही होतं.

जतची आठवण निघाली म्हणून सांगतो. २०१८ च्या भाऊबीजेला ताईने तिच्या शाळेच्या काळातल्या वह्या मागितल्या होत्या. मी पेनड्राइव्हवर घालून दिल्या आणि विसरलो. ‘अरे, माझ्याकडे आहेत की काही,’ असा तिचा फोन, फाइली गेल्यावर चौथ्या दिवशी आला. बारा वह्या निघाल्या, १९५५ ते १९६६. बाकीच्या एकोणीस कुलूपबंद फाइली म्हणून एका जुन्या डिस्कवर ठेवल्या आहेत. अशा टोळ्या कधी पकडल्या जातात, कधी किल्ल्या बाहेर येतात, म्हणून पुसू नकोस असं भाचा सांगतो.

१९६७ ची वही त्या एकोणिसांत आहे. भूकंपाची ती ओळ मी वर आठवणीवरून लिहिली. तिच्यात ‘नेहमीच्या वेळी’ होतं की ‘नऊ वाजता’, हे आता मला नक्की सांगता येत नाही.