वारा पडेपर्यंत
शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २७:१-१२ व २८:१-११

पौलाच्या रोमाकडील प्रवासाचा वृत्तांत आपल्या मंडळ्यांत वाचला जातो तेव्हा वादळ, फुटलेले तारू व पोहून तीरास लागलेली माणसे यांवर उपदेशक पुष्कळ बोलतात. परंतु लूकाने दिलेले दिवस मोजून पाहिले तर वादळाचे दिवस भरतात चौदा, आणि एका जागी अडकून पडण्याचे त्याच्या कितीतरी पट अधिक. सुंदर बंदरात बराच काळ गेला. मेलिता बेटावर, म्हणजे हल्लीच्या माल्टात, तीन महिने गेले. या पाठात आपण त्या खोळंब्याचाच विचार करू.

आपल्या बीड जिल्ह्यातील पुष्कळ बंधुभगिनींनी समुद्र पाहिलेला नाही. तेव्हा वाऱ्याने अडलेले बंदर कसे असते हे प्रथम सांगितले पाहिजे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड नावाचे बंदर आहे. समुद्रात पुढे घुसलेल्या भूशिरावर किल्ला व दीपगृह, आणि त्या भूशिराच्या आडोशाला संथ पाणी. उघड्या बाजूस वारा इतका की डोक्यावरची टोपी हाताने धरावी लागते. आपल्या माळांवर आहेत तशा पवनचक्क्या तेथेही उभ्या केल्या आहेत, यावरून काय ते समजावे. अरबी समुद्र खवळला म्हणजे कोकणच्याच नव्हे, तर गुजरातच्याही मासेमारी बोटी या आडोशास येतात. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ चक्रीवादळाच्या वेळी असेच झाले. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की तांडेलाचे काही चालत नाही. खलाशी जाळी सांधतात, पाणी व शिधा भरतात, परक्या गावाच्या बाजारात हिंडतात, आणि वारा पडला की काय हे पाहण्यास पुन्हा किनाऱ्यावर येतात.

आता सुंदर बंदराकडे वळू. क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील ही जागा नावाने सुंदर, पण हिवाळा काढण्यास खलाशांना गैरसोयीची वाटली. प्रायश्चित्ताचा उपवास होऊन गेला होता. वर्ष ५९ धरले तर तो ५ ऑक्टोबरास येतो. त्या काळी १४ सप्टेंबरानंतर समुद्रप्रवास धोक्याचा मानीत, व ११ नोव्हेंबरापासून १० मार्चपर्यंत समुद्र बंदच समजत. पौलाने थांबण्याचा सल्ला दिला. शताधिपती युल्याने तांडेल व तारवाचा मालक यांचे ऐकले, आणि बहुमतही निघण्याच्याच बाजूचे पडले. मालकाला एवढी घाई का? तारू आलेक्सांद्रियाचे, भरलेले गव्हाने. रोमी इतिहासकार सुएतोनियस लिहितो की सम्राट क्लौद्याने धान्याच्या व्यापाऱ्यांना वादळात होणारे नुकसान आपण सोसू अशी हमी दिली होती. काही वर्षांपूर्वीच्या त्या हमीचा आधार या मालकाला होता की नाही हे लूक सांगत नाही. पण गहू बुडाला तर त्याची भरपाई होण्याजोगी होती. तारवातील २७६ जिवांची भरपाई कोण करणार होता? जुनी गोष्ट म्हणून ही सोडून देता येत नाही. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळाची सूचना काही दिवस आधी मिळाली असूनही मुंबई हायजवळील पी-३०५ नावाचा तराफा समुद्रातच राहिला. १७ मे रोजी तो बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. ७० हून अधिक दगावली.

थांबावयाचे तर त्या ओसाड बंदरात खावे काय, असे कोणी विचारील. लूकाने लसया नगर जवळ होते असे लिहून ठेवले आहे. हे नगर कोठे होते याचा पत्ता शतकानुशतके लागला नव्हता. १८५६ च्या जानेवारीत ‘सेंट अर्सुला’ या शिडाच्या नौकेतून फिरणारे रेव्हरंड जॉर्ज ब्राउन सुंदर बंदरी उतरले व त्यांनी तेथील शेतकऱ्यांना विचारले. त्यांनी नावासह जागा सांगितली. पूर्वेस काही मैलांवर, एका भूशिरापलीकडे, पडक्या बांधकामाचे अवशेष मिळाले. मोठमोठ्या विद्वानांच्या कोशांत न सापडलेले नाव शेतकऱ्यांच्या तोंडी होते, हे मला फार आवडते.

त्याआधी जेम्स स्मिथ या स्कॉटिश नौकाप्रेमी गृहस्थांनी १८४४-४५ चा हिवाळा माल्टात राहून तेथील वारे व किनारा अभ्यासिला आणि १८४८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कौदा बेटापासून तारू ताशी सुमारे दीड मैल वाहत गेले, तर माल्टास पोचण्यास सुमारे तेरा दिवस लागतात, असा त्यांचा हिशेब. लूक चौदावी रात्र म्हणतो.

मेलिता बेटावरील तीन महिने शब्बाथ शाळेत सावकाश शिकवावेत. लोक परभाषी, पाऊस व थंडी, अंगावर ओले कपडे. पौल काय करतो? काटक्या गोळा करतो. सापाची गोष्ट मुलांना ठाऊक असते, पण साप निघाला तो काटक्यांच्या मोळीतून, हे त्यांना विचारून काढावे. कैदी असूनही तो शेकोटीपाशी नुसता बसून राहिला नव्हता. पुढे पुब्ल्याच्या घरी जाणे झाले, तेथे त्याचा बाप ताप व आवेने अंथरुणास खिळला आहे हे कळले, आणि मग बेटावरील इतर आजारी येऊ लागले. यांतील एकही गोष्ट प्रवासाच्या बेतात नव्हती. वाऱ्याने जेथे टाकले तेथील वाटा व माणसे त्याने ओळखून घेतली.

आपल्याकडे दसऱ्यानंतर, म्हणजे साधारण पौल सुंदर बंदरी होता त्याच ऋतूत, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या भागांतील कितीतरी घरांना कुलुपे लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयते घेऊन माणसे दूरच्या कारखान्यांकडे जातात व गळीत हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाजवळ कोपीत राहतात. मागे राहिलेली मंडळी या कुटुंबांविषयी ‘ते गेले’ असे बोलते, जणू तेवढे महिने त्यांची नावे वहीतून उतरली. त्या कोप्यांतही कोणाचा बाप तापाने पडलेला असतो, आणि पहाटे चुलीसाठी काटक्या वेचणारी आपलीच बहीण असते. तिने शेजारच्या कोपीतील परक्या आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना केली, तर ती मंडळीच्या कामात धरावी की नाही, हा प्रश्न वडील जनांनी येत्या सभेत घ्यावा. आणि ज्या गावी कारखाना आहे तेथील पाळकास आधी पत्र लिहून नावे कळविणे यास काही खर्च येत नाही.

तीन महिन्यांनी, त्याच बेटावर हिवाळा काढलेल्या दुसऱ्या एका आलेक्सांद्रियाच्या तारवातून पौल निघाला. निघते वेळी प्रवासास लागणारे सर्व सामान बेटावरील लोकांनीच आणून तारवात भरले.