अर्धे पान, पुरे पान : आकृतीचे परावर्तन

मागील जयंतीच्या वेळची गोष्ट. क्रांती चौकात लावावयाच्या फलकाचे काम संस्थेने आमच्यावर सोपविले होते. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण बी.ए.; परंतु संगणकावर आज्ञा लिहून आकृत्या काढण्याचा नाद आहे, एवढ्यावरच आमची निवड झाली. फलकाच्या डाव्या अंगास डॉ. बाबासाहेबांचे पूर्णाकृती रेखाचित्र आणि उजवीकडे मजकूर अशी मांडणी केली. पण बाबासाहेबांचे उंचावलेले बोट मजकुराकडे न जाता फलकाच्या बाहेर जात होते. आम्ही एका आज्ञेने चित्र पालटले. बोट बरोबर मजकुरावर आले. आम्ही खूश!

फलक छापून आला, दोऱ्या बांधणे सुरू झाले, तेव्हा वस्तीतील एक आजी म्हणाल्या, "बाळा, बाबासाहेबांचा डावा हात कधीपासून वर गेला? अन् संविधान उजव्या काखेत कसं?" फलक उतरवावा लागला. छपाईचा खर्च आम्ही आमच्या खिशातून भरला, हे ओघाने आलेच. त्या आजींनी जे एका नजरेत ओळखले, ते आम्हाला नंतर गणिताने समजले. अभ्यासिकेतील विद्यार्थी मित्रांना ते उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

आकृती आज्ञांनी लिहिण्याची एस.व्ही.जी. नावाची भाषा आहे. २००१ साली तिला अधिकृत मान्यता मिळाली. साध्या नोटपॅडमध्ये ती लिहिता येते. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकाव्या लागतात, येथे त्या आपल्या लिपीत देत आहोत. कागदावरील प्रत्येक बिंदूला दोन आकडे असतात. पहिला, डाव्या कडेपासून किती अंतर. दुसरा, वरच्या कडेपासून किती खाली. शाळेतल्या आलेखात दुसरा आकडा वर चढतो, येथे तो खाली उतरतो. आमच्यासारख्या खातेवहीतल्या माणसाला हेच सोयीचे, कारण वहीची पहिली ओळ वरच असते.

आता पिंपळाचे पान घ्या. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्याचे दर्शनी गवाक्ष ज्यांनी पाहिले असेल, त्यांना पिंपळपानाकृती कमान म्हणजे काय ते सांगावयास नको. मनुष्याने हाताने दोन्ही बाजू काढावयास घेतल्या, की एक गाल फुगतो आणि दुसरा बसतो. म्हणून अर्धेच पान काढावे. कागद २०० रुंद धरा. देठाचा बिंदू (१००, ६०), उजवीकडचा फुगवटा (१८०, १२०) आणि टोक (१००, २८०). या तिघांना वक्ररेषेने जोडले की उजवे अर्धे पान झाले. डावे अर्धे पान पुन्हा काढावयाचे नाही, पहिल्याचे परावर्तन करावयाचे.

परावर्तनाची आज्ञा म्हणजे स्केल(-१, १). पहिल्या आकड्याला उणे एकने गुणावे, दुसरा तसाच ठेवावा. येथे बहुतेक नवशिके फसतात. आज्ञा दिली आणि पान नाहीसे झाले! ते कोठेही गेलेले नसते. फुगवट्याचा १८० हा आकडा उणे १८० झाला, म्हणजे कागदाच्या डाव्या कडेबाहेर गेला. कारण आरसा कागदाच्या मध्यावर धरलेला नसून शून्यावर, म्हणजे डाव्या कडेवर धरलेला असतो. तो मध्यावर आणण्यासाठी पालटलेली आकृती २०० ने उजवीकडे सरकवावी : ट्रान्सलेट(२००, ०) स्केल(-१, १). आता उणे १८० अधिक २०० म्हणजे २०. फुगवटा डावीकडे २० वर आला, उजव्या कडेपासून १८० जितका आत आहे तितकाच. देठाचा १०० मात्र १०० च राहिला. आरशाच्या रेषेवरील बिंदू हलत नाही, ही आपले उत्तर तपासण्याची खूण समजा.

या दोन आज्ञांचा क्रम मात्र सांभाळावा लागतो. त्या उजवीकडून डावीकडे लागू होतात; आधी पालटणे, मग सरकविणे. उलट लिहिले तर १८० आधी ३८० होतो आणि मग उणे ३८०. पान आणखीच दूर जाते. आमची एक संपूर्ण रविवारची दुपार यात गेली आहे.

दोन अर्धी पाने अगदी शंभरावर जोडली, तर पडद्यावर मधोमध केसासारखी फट दिसू शकते. अर्धे पान ९९.५ पासून सुरू करावे. दोन्ही भाग एकमेकांवर किंचित चढतात आणि फट बुजते.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. स्केलमधील एकच आकडा उणे असेल तर उजव्याचे डावे होते. दोन्ही आकडे उणे केले तर होत नाही. ते परावर्तन नसून १८० अंशांचे फिरविणे असते. सरकविणे, फिरविणे, लहानमोठे करणे यांपैकी कशानेही उजवा हात डावा होत नाही. तो फक्त आरशात होतो. आमच्या बँकेच्या रबरी शिक्क्यावरील अक्षरे याच कारणाने उलटी असतात. कागदावर उमटताना ती आणखी एकदा पालटून सरळ होतात.

पान, कमान, स्तूप यांना मुळातच डावे-उजवे सारखे, त्यांना आरसा खुशाल लावावा. हात असलेल्या प्रतिमेचे तसे नाही. भूमिस्पर्श मुद्रेत तथागत उजव्या हाताने भूमीला स्पर्श करतात. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाचे सुमारे ७ मीटर लांबीचे शिल्प उजव्या कुशीवर आहे. स्मरणिकेच्या पानात बसत नाही म्हणून ते छायाचित्र पालटले, तर कूसच बदलते. आमच्या फलकावरचा उपाय साधा होता : चित्र न पालटता उजव्या अंगास न्यावयाचे आणि मजकूर डावीकडे घ्यावयाचा. दुसऱ्या फलकावर तेच केले.

विद्यार्थ्यांनी सरावासाठी अशोकचक्र घ्यावे. आरे २४, म्हणून दोन आऱ्यांमध्ये १५ अंश. एक आरा काढून रोटेट आज्ञेत अंश आणि चक्राच्या केंद्राचे दोन आकडे द्यावेत. ते न दिल्यास आरा कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याभोवती फिरतो. चक्र पूर्ण झाल्यावर त्याला वरील परावर्तन लावून पाहावे आणि काय बदलले ते वहीत लिहून आणावे.