घरातील धैर्य
(वाचावयाचा शास्त्रभाग: यहोशवा २४:१४, १५)

यहोशवाने आपला व आपल्या घराण्याचा निश्चय उघड सांगितला. लोकांपुढे मात्र निवड ठेविली, सक्ती केली नाही. आपण पुष्कळदा घरात आवाज चढविणे यालाच धैर्य समजतो.

रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. पत्नी लक्ष्मीबाई यांस तो मोठाच आघात होता. उभयतांची ताटातूट झाली. पुढे त्या पतीजवळ अहमदनगरास आल्या, तरी मनास पटेपर्यंत त्यांनी नवा धर्म स्वीकारिला नाही. १९०० साली त्यांनी आपखुशीने बाप्तिस्मा घेतला. एकाने वाट पाहिली, दुसरीने न पटलेले कबूल केले नाही. दोन्हींस बळ लागते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आपल्या घरांतली कर्ती माणसे पहाटेच्या लोकलने मुंबईस जातात व दिवेलागणीनंतर परततात. थकल्या जिवाच्या तोंडून कठोर शब्द सहज सुटतो. कुटुंबप्रार्थना नेमाने करावी, मग ती पाचच मिनिटे का होईना. परंतु कोणास ओढून बसवू नये, आणि जो बसला नाही त्याचेही ताट प्रेमाने वाढावे.

मननार्थ प्रश्न: माझ्या घरात भिन्न मताच्या माणसास निर्भयपणे बोलता येते काय?