मोटारीचा धूर आणि मोजण्याचे माप



मोटारींच्या धुराचा विषय निघाला की आपल्यात दोन मते हमखास ऐकू येतात. एक जण म्हणतो, "खरा धूर युरोप-अमेरिकेचा, आपला कितीसा?" दुसरा म्हणतो, "तिकडच्या गाड्या स्वच्छ, आपल्याच वाईट." आज आपण दोन्ही मते तपासून पाहू.

प्रथम माप समजून घेऊ. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलचे वजन पाऊण किलो, मग वायू एवढा कसा? कारण पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो. लिटरला २० किलोमीटर जाणारी गाडी किलोमीटरमागे सुमारे ११५ ग्रॅम वायू सोडते. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा मार्गे सांगली सव्वाशे किलोमीटर धरली, तर एका खेपेला चौदा किलो.

आता तुलना. नव्या मोटारींच्या सरासरीसाठी युरोपीय संघाने २०१५ साठी १३० व २०२१ साठी ९५ ग्रॅम लक्ष्य ठेवले. भारताने २०१७-१८ पासून १३० व २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम ठेवले. म्हणून आपल्या गाड्या वाईट का? तसे म्हणता येत नाही. हे आकडे गाडीच्या वजनाशी जोडलेले आहेत. शिवाय आपल्या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरपर्यंतच जातो, तर युरोपच्या आजच्या चाचणीत १३० पर्यंत. मापे वेगळी असताना निकाल कसा द्यायचा? आणि आपला आकडा कमी दिसला, तर ते श्रेय बरेचसे आपल्या लहान, हलक्या गाडीचे. गाडी मोठी घेतली की ते श्रेय गेले.

नॉर्वेत २०२४ साली शंभरातल्या सुमारे ८९ नव्या मोटारी विजेच्या होत्या. चाचणीत अशा गाडीचा धूर शून्य धरतात. पण वीज कुठून येते? नॉर्वेची बहुतेक वीज पाण्यापासून, आपल्या देशाची बहुतेक कोळशापासून. कोयनेचे पाणी आपल्याच जिल्ह्यात अडवले जाते खरे, पण त्यापासून होणारी वीज शेवटी कोळशाच्या विजेतच मिसळते.

पहिल्या मतातही तथ्य आहे. युरोपात हजार माणसांमागे पाचशेहून अधिक मोटारी आहेत, आपल्याकडे पन्नासही नाहीत. परंतु वायूला देशाची सीमा नसते. ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा महापूर आपण विसरलेलो नाही. तो कुणा एकाच्या गाडीमुळे आला असे नव्हे, पण हवा जितकी तापते तितकी ती अधिक बाष्प धरते, आणि पाऊस पडतो तेव्हा मुसळधार पडतो. माण आणि जतचा दुष्काळही आपल्याच दाराशी आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सार्वजनिक वाहन वापरणे आणि एका गाडीतून मिळून जाणे ही साधी कर्तव्ये सांगितली आहेत. चौघे एकाच गाडीतून सांगलीला गेले, तर माणशी वायू साडेतीन किलोवर येतो. त्यासाठी नवे इंजिन लागत नाही, फक्त शेजाऱ्याला विचारावे लागते.

घरी चर्चेसाठी : पुढच्या रविवारी मिस्साला येताना आपल्या गाडीत कुणासाठी जागा आहे?