टक्केवारी शून्य का येते?

प्रश्न : जावामध्ये निकालपत्रकाचा प्रोग्राम लिहिते आहे. 600 पैकी 437 गुण असूनही टक्केवारी 0 येते. काय चुकतंय?

उत्तर : सूत्र बरोबर आहे, अडचण भागाकारात आहे. जावात दोन्ही संख्या ‘इंट’ असल्या की उत्तरही पूर्णांकच मिळतं. दशांश भाग गळून जातो. 437 / 600 चे 0 होतात, मग 100 ने गुणूनही 0 च. आधी गुणाकार केलात तर 72 मिळतील, पण पुढचे दशांश जातीलच.

म्हणून 437 * 100.0 / 600 असं लिहा. 100.0 मुळे हिशेब ‘डबल’मध्ये होतो आणि 72.8333… येतात. छापताना ‘प्रिंटएफ’ला दोन दशांश स्थळं सांगा, म्हणजे 72.83 दिसेल. टक्क्याचं चिन्ह हवं असेल तर %% असं दोनदा लिहा. एकटं % ही तिथे फॉरमॅटची खूण असते.

एकूण गुण 0 नाहीत ना, हे भागाकाराआधी तपासा. आणि श्रेणी ठरवताना छापलेला आकडा वापरू नका. 59.996 हे पडद्यावर 60.00 दिसतात, पण ते 60 नव्हेत. विद्यार्थ्याची श्रेणी नेहमी मूळ आकड्यावरूनच ठरवा.